उमेदवार ठरवतो कोण?

'उमेदवार' हा शब्द मला फार आवडतो. तो फारसीतून आपल्याकडे आला. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा बाळगून असलेला माणूस. म्हणून तर शिंप्याच्या नाहीतर वकिलाच्या हाताखाली काम शिकणारा पोरगाही आपल्याकडे 'उमेदवारी' करत असतो. इंग्रजी 'कँडिडेट'ची कुळकथा निराळी आहे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून लोकांपुढे जायचा. त्या लॅटिनमधल्या शुभ्रपणावरून हा शब्द निघाला. म्हणजे एका भाषेने माणसाच्या मनातली आशा पाहिली आणि दुसरीने त्याच्या अंगावरचं कापड पाहिलं. पण त्याला उभं कुणी केलं, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. आज बोलायचं आहे ते याच गोष्टीबद्दल.

मतदानाच्या दिवशी ऐकू येणारं एक वाक्य तुमच्या ओळखीचं असेल. "दोघांपैकी एकही नको, पण निवडायचं त्या दोघांतूनच." हे वाक्य आपल्या गावच्या पारावर जसं ऐकू येतं, तसंच ते अमेरिकेतही गेली कित्येक वर्षं ऐकू येतं. तिथे तर राष्ट्राध्यक्षपदाची लढत मुख्यतः दोनच पक्षांत होते, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. त्यामुळे पक्षाने दिलेला माणूस पसंत नसेल तर मतदाराला फारशी वाटच उरत नाही. मजा अशी की, उमेदवार ठरवण्याचा अधिकार सामान्य मतदाराला जितका तिथे आहे, तितका जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मग ही नाराजी येते कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसमधले पक्षाचे खासदार एकत्र बसून उमेदवार ठरवत. लोक चिडून या बैठकीला 'किंग कॉकस' म्हणत, म्हणजे राजेशाही थाटाची बैठक. १८२४ नंतर ती पद्धत मोडली आणि १८३०च्या दशकात पक्षांची महाअधिवेशनं सुरू झाली. राज्याराज्यांतून प्रतिनिधी यायचे आणि मतदान करून नाव ठरवायचे. ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात प्रतिनिधी असत ते स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीतले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधींनी एका नावावर एकमत व्हावं म्हणून १०३ वेळा मतदान केलं. शेवटी जे नाव निघालं, ते जॉन डेव्हिस निवडणुकीत सपशेल हरले.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही राज्यांनी 'प्रायमरी' सुरू केली. प्रायमरी म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठीची निवडणूक. खऱ्या निवडणुकीआधी मतदारच मत देऊन सांगतात की आमच्या पक्षातर्फे अमुक माणूस उभा करा. पण सांगणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी थिओडोर रूझवेल्ट यांनी जिंकल्या. अगदी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या ओहायो या स्वतःच्या राज्यातही जिंकल्या. शिकागोच्या अधिवेशनाने मात्र उमेदवारी टॅफ्ट यांनाच दिली. रूझवेल्ट रागावून बाहेर पडले, त्यांनी नवा पक्ष काढला, मतं फुटली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन निवडून आले. टॅफ्ट यांना फक्त दोन राज्यं मिळाली. बंडखोरी हा शब्द आपल्याकडे दर निवडणुकीला वापरला जातो. त्याचा हा अमेरिकी अवतार.

तरीही पुढची पन्नासेक वर्षं कारभार पुढाऱ्यांच्या हातातच राहिला. तो सुटला १९६८ साली, आणि त्याची किंमत फार मोठी होती.

त्या वर्षी पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक व्हिएतनाममध्ये होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना सक्तीने सैन्यात नेलं जात होतं आणि मतदानाचं वय होतं एकवीस. म्हणजे मरायला पाठवता येईल, पण मत देता येणार नाही, असं ते वय. डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होते. युद्धाला विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत उभे राहिले. विद्यार्थी दारोदार फिरले. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली. ते हरले, पण सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाला आपल्याच पक्षात निम्मीही मतं मिळू नयेत, हा धक्का होता. मग रॉबर्ट केनेडीही मैदानात उतरले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्री केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तेही गेले.

ऑगस्टमध्ये शिकागोला अधिवेशन भरलं आणि उमेदवारी मिळाली उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना. हम्फ्री एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. पण प्रायमरी होत्याच जेमतेम पंधरा-सोळा राज्यांत. बाकी ठिकाणी प्रतिनिधी पुढारी नेमत, आणि पुढारी हम्फ्रींच्या बाजूचे होते. ज्या मतदारांनी प्रायमरीत युद्धविरोधी उमेदवारांना भरभरून मतं दिली होती, त्यांच्या हाती काही आलं नाही. युद्ध थांबवण्याचा ठरावही अधिवेशनात फेटाळला गेला. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना लाठ्यांनी झोडपत होते आणि ते दृश्य सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. हम्फ्री स्वतः काही वाईट गृहस्थ नव्हते. नागरी हक्कांसाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं. पण चांगला माणूसही चुकीच्या दाराने आला की लोकांना तो आपला वाटत नाही. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने जिंकले.

त्या रागातून पक्षाने एक आयोग नेमला. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या नावाने तो ओळखला जातो. प्रतिनिधींची निवड उघडपणे आणि मतदारांच्या सहभागाने व्हावी, असे नियम त्याने घातले. त्याचा परिणाम म्हणून एकामागून एक राज्यांनी प्रायमरी सुरू केल्या, रिपब्लिकन पक्षालाही त्याच वाटेने जावं लागलं. आज उमेदवार ठरतो तो या मतांवर. अधिवेशनात फक्त शिक्का बसतो.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. तसं झालं नाही. नव्या नियमांनी पहिल्यांदा उमेदवारी मिळाली ती १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांनाच, आणि ते पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले. पुढारी म्हणाले, पाहा, उत्साही कार्यकर्त्यांच्या हाती निवड दिली की असं होतं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. उमेदवाराला पक्षाबाहेरचीही मतं मिळवावी लागतात आणि अनुभवी माणसाला ते कळतं. म्हणून १९८४ पासून खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना कुणाच्याही मतांशिवाय अधिवेशनात मत देण्याचा हक्क मिळाला. हे 'सुपरडेलिगेट'. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांना हेच टोचलं. पहिली प्रायमरी होण्याआधीच शेकडो सुपरडेलिगेट हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने उभे होते. क्लिंटन यांना प्रायमरीतही सँडर्स यांच्यापेक्षा जास्त मतं मिळाली, हे खरं. पण निकाल आधीच ठरला आहे असं वाटलं की हरणाऱ्याला हार पटत नाही. शेवटी २०१८ मध्ये, लढत निर्विवाद असल्याखेरीज पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटनी मत द्यायचं नाही, असा नियम झाला.

त्याच २०१६ सालची दुसरी बाजूही बघा. दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून मतदानाला आले ते शंभर पात्र मतदारांमागे तीसहून कमी. रिपब्लिकन पक्षात सुरुवातीला सतरा प्रमुख इच्छुक होते. डोनाल्ड ट्रम्प यांना पक्षाच्या प्रायमरीतली सुमारे ४५ टक्के मतं मिळाली आणि ती पुरली, कारण उरलेली मतं इतरांत वाटली गेली. म्हणजे पाहा, तीसांतून पक्षाचे अर्धे आणि त्या अर्ध्यांतले निम्मे. इतक्या लोकांनी ठरवलेल्या नावांतून नोव्हेंबरमध्ये साऱ्या देशाला निवड करायची होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो घरी बसला, त्याच्या नोव्हेंबरमधल्या रागाला उत्तर कोण देणार?

पण सगळा दोष मतदारावर टाकणंही बरोबर नाही. २०२४ ने ते दाखवून दिलं. जो बायडन यांचं वय तेव्हा ८१. पक्षाच्याच अनेक मतदारांना दुसरा उमेदवार हवा आहे, हे जनमत चाचण्या आधीची दोन वर्षं सांगत होत्या. तरी नाव असलेला एकही मोठा नेता त्यांच्यासमोर उभा राहिला नाही. फ्लॉरिडात पक्षाने एकच नाव दिलं, त्यामुळे तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीच झाली नाही. दार उघडं होतं, पण आत खुर्ची एकच होती. २७ जूनला ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादचर्चेत बायडन अडखळले आणि जे कुजबुजत बोललं जात होतं ते साऱ्यांनी पाहिलं. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रतिनिधींच्या ऑनलाइन मतदानाने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पक्की झाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून त्यांना प्रायमरीत कुणीही मत दिलेलं नव्हतं. १९६८ प्रमाणेच अधिवेशनही शिकागोलाच भरलं.

मिशिगन राज्यात माझ्या चुलतभावाचा मुलगा राहतो. तिथला नागरिक आहे. तिथल्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'अनकमिटेड' असा एक पर्याय असतो, म्हणजे माझं मत कुणालाही बांधलेलं नाही. गाझातल्या युद्धाबाबत बायडन सरकारचं धोरण न पटलेल्या एक लाखाहून अधिक लोकांनी २७ फेब्रुवारीला त्यावर खूण केली. त्यांत हाही होता. ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. म्हणाला, "चाचा, आम्ही आमचं म्हणणं सांगून पाहिलं. नाव बदललं, धोरण तेच राहिलं. आता घरीच बसावं म्हणतो." मी त्याला विचारलं, मतपत्रिकेवर एवढी दोनच नावं असतात का? तो म्हणाला, नाही, सिनेटर असतो, खासदार असतो, न्यायाधीश असतात, शाळा मंडळाचे सदस्यही असतात. म्हटलं, "मग बेटा, तुझी मुलगी ज्या शाळेत जाते, तिचा कारभार कुणी बघायचा हे तरी सांगून ये." तो गेला. वरच्या रकान्यात त्याने काय केलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मिशिगनमध्ये ट्रम्प सुमारे ८० हजार मतांनी जिंकले. त्या लाखभर मतांमुळेच असं झालं, असा हिशेब मी मांडणार नाही. महागाईपासून स्थलांतरापर्यंत कारणं अनेक होती. पण लोक आधीच काहीतरी सांगत होते आणि ते ऐकायला पक्षाकडे जागा नव्हती, एवढं नक्की.

आपल्याकडे 'नोटा' २०१३ पासून आहे. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात असा पर्याय १९७०च्या दशकापासून आहे. ६ फेब्रुवारी २०२४ ला तिथे रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली यांचं नाव होतं, ट्रम्प यांचं नव्हतं. ते त्याच आठवड्यातल्या कॉकसमध्ये उतरले होते. हेली यांच्या दुपटीने मतं 'यांपैकी कुणीही नाही' या ओळीला पडली. हसू येतं खरं, पण नकाराची ओळ कधी शपथ घेत नाही. आपल्या लोकसभा-विधानसभेतही नोटाला सर्वांत जास्त मतं पडली, तरी निवडून येतो तो त्याच्या खालचा माणूसच. नकार नोंदवला जातो, पण त्यातून नवं नाव निघत नाही. नवं नाव निघतं ते आधीच्या पायरीवर.

ती आधीची पायरी आपल्याकडे कशी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ए-बी फॉर्म कुणाच्या हाती पडतो, याकडे सगळ्यांचे डोळे असतात. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बघत राहतो आणि आदल्या रात्री पक्षात आलेल्याला तिकीट मिळतं. कार्यकर्त्यांची किंवा मतदारांची मतं घेऊन उमेदवार ठरवा, असं कायद्याचं बंधन आपल्या पक्षांवर नाही. मी काही अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी आणा असं म्हणत नाही. ती खर्चाची आहे, लांबलचक आहे आणि तिचेही दोष आपण आत्ताच पाहिले. पण तिथल्या लोकांनी राग घरात जिरवला नाही, त्यातून नियम बदलून घेतले, पुन्हा बिघडले तेव्हा पुन्हा बदलून घेतले. एवढं घेण्यासारखं आहे.

प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आपण विचारतो, तुम्ही रस्त्याचं काय करणार, पाण्याचं काय करणार. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही. भाऊ, तुम्हाला उभं कुणी केलं, आणि ते ठरत होतं तेव्हा आमच्यापैकी कुणाला विचारलं होतं का? उत्तर लगेच येणार नाही. पण दहा गावांत हाच प्रश्न आला, तर पुढच्या वेळी तिकीट वाटणाऱ्याला तो आठवेल. उमेदवाराची उमेद तर असतेच. त्यात मतदाराच्या उमेदीलाही जागा हवी.