कोर्टात आवाज कुठे चढवायचा आणि कुठे थांबायचे?

आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी वकिलीत येत आहेत. अभ्यास पक्का असतो, पण युक्तिवादाला उभे राहिले की आवाज पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत. काहींची ती पट्टी जयंतीच्या व्यासपीठावर तयार झालेली असते. तिथे हजारो लोक ऐकतात. कोर्टात ऐकणारा एकच माणूस असतो आणि सकाळपासून ऐकून तो थकलेला असतो.

अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यातील अटकपूर्व जामिनाची सुनावणी घ्या. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ नुसार पीडितालाही तिथे म्हणणे मांडता येते. हा हक्क डावलता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केले. मात्र बोलायला मिळतात मोजकी मिनिटे.

त्या मिनिटांत नवा वकील बहुधा शिवीवर आवाज चढवतो. राग खरा असतो, पण जातिवाचक अपमानाच्या कलमात प्रश्न वेगळाच विचारला जातो : हे लोकांच्या देखत घडले का? घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना घडले असेल तर ते कलम टिकणे कठीण. आणि गुन्हा प्रथमदर्शनी दिसलाच नाही, तर कलम १८ मधील अटकपूर्व जामिनाची बंदीही आड येत नाही.

म्हणून फिर्यादीतली शिवी एकदाच, सपाट आणि खालच्या आवाजात वाचा. मग थांबा. दोन श्वासांची ती शांतता ओरडण्यापेक्षा जास्त ऐकू जाते. न्यायाधीश फाईलमधून मान वर करतात. आता ‘गावच्या चावडीसमोर, चार साक्षीदारांच्या देखत’ हे शब्द सावकाश, सुटे सुटे उच्चारा. जोर इथे हवा. तारखा, कलमे आणि नावेही सावकाश घ्या; न्यायाधीश लिहून घेत असतील तर पेन थांबेपर्यंत पुढे जाऊ नका. सर्वांना मान्य असलेला तपशील भरभर सांगितला तरी चालतो.

मराठीत बोलताना आणखी एक अडचण येते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि दमही तिथेच संपतो. ‘साक्षीदाराने जबाब बदललेला नाही’ यातला ‘नाही’ पुटपुटला गेला, की वरच्या पंख्याच्या घरघरीत उलटाच अर्थ पोहोचतो. वाक्ये लहान ठेवा, शेवटच्या शब्दापुरता श्वास राखून ठेवा.

सुनावणीच्या आदल्या रात्री युक्तिवाद मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरातल्या कुणाला तरी ऐकवा. वकिलीशी संबंध नसलेला असेल तर उत्तमच. घटना कुठे घडली आणि कोणी पाहिली, एवढेच त्यांना विचारा. उत्तर अडखळत आले, तर पुन्हा रेकॉर्ड करा.