विश्लेषण : औंढ्यातील ‘लायगो’चा डेटा पुण्याला न अडखळता कसा जाईल?

हिंगोली : 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी अमेरिकेतील ‘लायगो’ने टिपल्या. इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळाही सुरू होती, पण तिचा डेटा तातडीच्या विश्लेषणासाठी उशिरा पोहोचला. त्यातच लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत नेमका त्याच वेळी गोंगाट मिसळला होता. तिन्ही वेधशाळांवर आधारित आकाशाचा नकाशा दुर्बिणींना मिळेपर्यंत सुमारे पाच तास गेले.

औंढा नागनाथजवळ दुधाळा येथील ‘लायगो-इंडिया’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. संगणन आणि डेटा विश्लेषणाची जबाबदारी पुण्याच्या ‘आयुका’कडे आहे. म्हणजे नोंद औंढ्यात, तर तिची प्रत शेकडो किलोमीटर दूर. अशी प्रत सतत पाठवत राहणे म्हणजे रेप्लिकेशन.

दोन केबल म्हणजे दुप्पट वेग?

सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डे एकत्र बांधून त्यांना एकच पत्ता देणे म्हणजे ‘बाँडिंग’. एक केबल तुटली तरी दुसरी काम चालू ठेवते. मात्र दहा गिगाबिटच्या दोन केबल जोडल्या की वीस गिगाबिट मिळतात, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. रस्ता दुपदरी झाला तरी एक एसटी एकाच पदरातून धावते. तशीच एक फाइलही एकाच केबलवरून जाते.

‘लिनक्स’मध्ये यापुढचीही एक गोम आहे. ‘एलएसीपी’ पद्धतीत कोणती केबल वापरायची, हे मूळ सेटिंगनुसार समोरच्या उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून ठरते. दूरच्या शहरातला सगळा डेटा एकाच राउटरमधून जात असल्याने तो पत्ता कायम एकच राहतो आणि दुसरी केबल जवळपास रिकामी पडते. त्यामुळे ही निवड आयपी पत्ता आणि पोर्टनुसार होईल असे सेटिंग करावे लागते आणि डेटा अनेक समांतर प्रवाहांतून पाठवावा लागतो.

मार्ग वेगळा का?

रेप्लिकेशनसाठी स्वतंत्र नेटवर्क केले, पण पुण्याकडचा रूट लिहायचा राहिला, तर डेटा मुकाट्याने ‘डिफॉल्ट गेटवे’ने निघतो आणि यंत्रणेच्या नियंत्रणाच्या संदेशांनाच अडवतो. दुसरी चूक पॅकेटच्या आकाराची. सर्व्हरवर 9000 बाइट आणि वाटेतल्या एका स्विचवर 1500 असेल, तर पिंग व्यवस्थित चालते, मोठी फाइल मात्र अडकते. म्हणून चाचणी मोठ्या पॅकेटनेच घ्यावी, तीही एक केबल उपसून.

आणि इमारतीबाहेर दोन्ही फायबर एकाच चरातून गेले असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यापुढे बाँडिंगचा उपयोग शून्य. पुण्याहून पोच येईपर्यंत औंढ्यातील डिस्कवरची मूळ नोंद पुसायची नाही, ती यासाठीच.