‘शॉक’ : एक संज्ञा आणि एक अवस्था

‘रुग्ण शॉकमध्ये आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले असता नातेवाइकांच्या मनात बहुधा दोनच अर्थ उभे राहतात : विजेचा झटका, अथवा मनाला बसलेला धक्का. पहिला अर्थ प्रसंगावरूनच बाद होतो. उरतो तो दुसरा. धक्का बसलेल्यास धीर द्यावा, घोटभर पाणी पाजावे, स्वस्थ पडू द्यावे, हा लोकव्यवहार होय. वैद्यकास अभिप्रेत असलेली अवस्था याहून सर्वस्वी निराळी असून तीत हा वेळ घालविणे प्राणावर बेतू शकते. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात घातलेले पाणी श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

हा घोटाळा केवळ मराठीचा नव्हे. फ्रेंच शल्यविशारद ल द्राँ याच्या बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथाचे (१७३७) इंग्रजी भाषांतर १७४३ मध्ये झाले. ‘शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात शिरला तो त्या भाषांतरातून, असे सामान्यतः मानले जाते. पुढे १८६७ मध्ये एडविन मॉरिस याच्या ग्रंथाने तो रूढ केला. आदळण्याच्या क्रियेचे नाव त्यानंतर येणाऱ्या अवस्थेस मिळाले. कारणाचा वाचक शब्द कार्यास लावणारी ही लक्षणाच होय. परंतु तिच्यामुळे अवस्थेचे मूळ आघातातच, विशेषतः मज्जासंस्थेच्या हादऱ्यात, शोधण्याकडे दीर्घकाळ कल राहिला. १९३० च्या सुमारास आल्फ्रेड ब्लॅलॉक याने प्रयोगांनी दाखविले की, जखमी अवयवात झिरपून गेलेले रक्त व द्रवच रक्तदाब कोसळण्यास पुरेसे असतात. अर्थ बदलला, शब्द मात्र जुनाच राहिला.

आज या संज्ञेचा आशय असा : ऊतींना त्यांच्या गरजेपुरते रक्त, पर्यायाने प्राणवायू, न पोहोचणे. येथे रक्तदाबाचा आकडाही फसवा ठरतो. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील १५ ते ३० टक्के गेले तरी वरचा दाब पुष्कळदा टिकून असतो, कारण त्वचेच्या व आतड्यांच्या वाहिन्या आकसून हृदय व मेंदू यांच्याकडे रक्त वळविले जाते. म्हणूनच जलद नाडी, थंड व घामेजलेली कातडी, घटलेली लघवी, अस्वस्थता किंवा असंबद्ध बोलणे ही चिन्हे आकड्याआधी बोलतात. दाब उतरतो तेव्हा ही तडजोड संपत आलेली असते.

कारणे अनेक : रक्तस्राव वा पटकीसारख्या रोगातील द्रवनाश, हृदयाची दुर्बलता, हृदयाभोवती द्रव दाटणे किंवा फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकणे, आणि जंतुसंसर्गात किंवा तीव्र ॲलर्जीत वाहिन्या सैलावणे. शेवटच्या प्रकारात प्रारंभी कातडी उबदारही लागते, हे विसरता कामा नये. उपचार कारणानुसार बदलतात. रक्तस्रावात जखम दाबून धरणे व रक्त देणे, ॲलर्जीत मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन, जंतुसंसर्गात पहिल्या तासातच प्रतिजैविक. द्रव देणे हा सर्वत्र लागू पडणारा तोडगा नव्हे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशात वाहिन्या आकसून हृदयावर असह्य भार पडतो व फुप्फुसांत पाणी साचते; तेथे बेसुमार द्रव अपाय करतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले.

मराठी पर्यायाचा प्रश्न यानंतर येतो. ‘धक्का’ मनाकडे नेतो. ‘आघात’ भारदस्त खरा. पण तोही कारणवाचकच, शिवाय पक्षाघात व हृदयाघात यांच्या पंक्तीत बसून नवा संभ्रम निर्माण करणारा. परिभाषेत ‘शॉक’ राहू द्यावा. रुग्णाच्या आप्तांशी बोलताना मात्र ‘शरीराला रक्तपुरवठा पुरेसा होत नाही, जिवाला धोका आहे’ असे सरळ वाक्यच योजावे. ते ऐकणारा पाण्याचा पेला शोधीत बसत नाही. रक्त लागेल काय, असे विचारतो.