अंगावर दंशाची खूण नाही, फक्त पोट दुखतंय. तरी डॉक्टर मण्यार कशी ओळखतात?

समजा, जुलैमधली रात्र आहे. श्रीरामपूर तालुक्यातली एक वस्ती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाटाची चारी. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला २५ वर्षांचा पोरगा पहाटे तीनला पोट धरून उठतो. एक उलटी होते. घरचे ओवा देतात, मग अ‍ॅसिडिटीची गोळी. रात्रीचं काहीतरी बाधलं असेल, असं सगळ्यांना वाटतं.

पाचच्या सुमारास त्याच्या पापण्या जड होतात. झोप अपुरी झाली म्हणून असेल, असं समजून घरचे त्याला परत झोपायला सांगतात. नेमका इथेच घोळ होतो.

हे मण्यारच्या दंशाचं ठरलेलं चित्र आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचे दात इतके बारीक असतात की अनेकांना जागही येत नाही. सूज नाही, आग नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. म्हणजे दवाखान्यात येणारा पेशंट 'साप चावला' असं सांगतच नाही. तो सांगतो, पोट दुखतंय.

मग डॉक्टरांना कळतं कसं?

पहिला धागा म्हणजे न जुळणारी गोष्ट. पेशंट पोटदुखीने कळवळतोय, पण पोट हाताने दाबून बघितलं तर मऊ लागतं. अपेंडिक्स किंवा आतड्याचा मोठा त्रास असता तर दाबल्यावर पोट कडक लागायची शक्यता जास्त. अशा वेळी अनुभवी डॉक्टर पोट सोडून भलताच प्रश्न विचारतात. रात्री कुठे झोपला होतात? खाटेवर की खाली?

'खाली' असं उत्तर आलं की तपासणीची दिशा बदलते. डोकं न हलवता वर बघायला सांगतात. पापण्या उचलल्या जातात का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, थुंकी गिळता येते का, उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे बघतात. कारण हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं आणि त्याचा परिणाम साधारण वरून खाली उतरतो. आधी पापण्या, मग घसा, मग मान, शेवटी श्वास. पंधरापर्यंत मोजणारा पेशंट अर्ध्या तासाने आठवरच थांबला, तर पुढे काय वाढून ठेवलंय ते डॉक्टरांना कळतं.

दुसरीकडे इतर शक्यता खोडणं चालू असतं. अर्धांगवायू? तो बहुतेक वेळा एका बाजूला होतो, इथे दोन्ही पापण्या उतरल्यात. कीटकनाशकाची विषबाधा? शेतीच्या भागात हा प्रश्न विचारावाच लागतो. पण त्यात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते. नाग? त्यानेही पापण्या उतरतात, पण चावलेल्या जागी सहसा दुखतं आणि सुजतं.

आता एक फसवी तपासणी. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय. मण्यारच्या पेशंटचं रक्त मात्र व्यवस्थित गोठतं. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा' हे वाक्य इथे जिवावर बेतू शकतं.

लक्षणांवरून असा माग काढायचं महाराष्ट्रातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचू चावलेल्या पेशंटना दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय ही चिन्हं आधी दिसतात आणि पुढे हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या गोळीचा वापर त्यांनी रुजवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी नाग-मण्यारच्या दंशावरही लिहिलंय.

मण्यारच्या बाबतीत ही घाई कशासाठी? सापाच्या विषावरचं इंजेक्शन रक्तात फिरणारं विष निकामी करतं. नसांच्या टोकांना आधीच झालेली इजा ते भरून काढत नाही. ती भरायला दिवस लागतात आणि तोवर श्वास मशीनने द्यावा लागतो. म्हणून पापण्या उतरल्या की सकाळ व्हायची वाट न बघता १०८ ला फोन करायचा आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठायचं. कडुलिंबाचा पाला चावून कडू लागतो का बघणं, मिरची खाऊन तिखट लागते का बघणं, यात फक्त वेळ जातो.

डॉक्टरांना काय सांगायचं? पोटदुखी किती वाजता सुरू झाली, कुठे झोपला होता, पापण्या कधीपासून जड झाल्या. खूण दिसली नाही तरी 'साप असू शकतो का' हे स्वतःहून विचारायला हरकत नाही.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. पण पोटदुखी म्हणून आलेला पेशंट पोटदुखी म्हणूनच गेला, तर या नोंदीत तो येणार कुठून?

आणखी एक गोष्ट नातेवाइकांसाठी. विषाचा जोर असताना पेशंट डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला सगळं संपलं असं वाटतं. पण मशीनवर वेळेत घेतलेले असे पेशंट काही दिवसांनी उठून बसल्याची उदाहरणं आहेत, आणि मधल्या काळात खाटेजवळ चाललेलं बोलणं त्यांना ऐकू येत असू शकतं.