ब्रह्मदेशातील वृत्तपत्रे आणि एक न छापलेला शब्द

ब्रह्मदेशाविषयी (आजचे म्यानमार) बौद्ध वाचकाला जिव्हाळा आहे. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. म्हणूनच तेथील वृत्तपत्रांची हकीकत आपण भाबडेपणाने वाचू नये.

१९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. त्याच दशकात खाजगी दैनिके संपली आणि मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे नेण्याची सक्ती आली. ती ऑगस्ट २०१२ मध्ये उठली. १ एप्रिल २०१३ ला खाजगी दैनिके पुन्हा निघाली. जगाने कौतुक केले.

पण सेन्सॉर गेला तरी कायदे राहिले. राखाइन प्रांतातील इन दिन गावी १० रोहिंग्या पुरुषांची हत्या झाली. तिचा शोध घेणारे रॉयटर्सचे वार्ताहर वा लोन व क्यॉ सो ऊ यांना डिसेंबर २०१७ मध्ये अटक झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सात वर्षांची शिक्षा. कोणत्या कायद्याखाली? १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली! ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असतानाचा हा कायदा आपल्याकडेही जिवंत आहे. सरकार तेव्हा आंग सान सू ची यांच्या पक्षाचे होते आणि त्यांनी या शिक्षेचे जाहीर समर्थन केले. मे २०१९ मध्ये दोघे माफीवर सुटले.

मला याहून अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. मोकळ्या झालेल्या अनेक पत्रांनी 'रोहिंग्या' हा शब्द स्वतःहून टाळला. 'बंगाली' म्हटले, म्हणजे परके ठरवले. त्यासाठी सेन्सॉरची गरज पडली नाही. विराथू या भिक्खूची मुस्लिमद्वेषी प्रवचने खुलेआम फिरत होती. त्याच्यावर मुखपृष्ठकथा करणाऱ्या 'टाइम'च्या अंकावर मात्र सरकारने २०१३ मध्ये बंदी घातली. चीवर पाहून गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही. आणि माणसाचे नाव इतरांनी ठरवायचे, हा अनुभव 'हरिजन' शब्द नाकारणाऱ्या समाजाला नवा आहे काय?

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. मार्चमध्ये पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले. बहुसंख्य समाजातले पत्रकारही आता तुरुंगात गेले, सीमेपलीकडे पळाले. त्यानंतर, जून २०२१ मध्ये, लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने आपल्या निवेदनात 'रोहिंग्या' हा शब्द वापरला. तोवर सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशच्या छावण्यांत चार पावसाळे काढत आले होते.