नाव एक, मालक दोन

एका वर्गातील ५ मुलांच्या, प्रत्येकी ३ विषयांच्या गुणांची बेरीज संगणकाकडून करून घ्यायची आहे, अशी कल्पना करा. त्यासाठी जावास्क्रिप्ट भाषेत आज्ञावली लिहिली. मुलांचा क्रमांक मोजायला 'क' हा चल घेतला. बेरजेचे फंक्शन मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीतून, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचातून घेतले. त्या लेखकानेही विषय मोजायला 'क' हेच नाव घेतले होते. दोघांपैकी कोणीच ते घोषित केले नव्हते.

आता काय होईल? प्रथम क = १. फंक्शन १, २, ३ असे विषय मोजते आणि क = ४ होताच थांबते. परत आल्यावर आपण क मध्ये १ मिळवतो; क = ५! दुसरा, तिसरा व चौथा मुलगा वगळून एकदम पाचव्याची पाळी येते. फंक्शन पुन्हा क = ४ करून ठेवते, आपण पुन्हा ५ करतो. पाचव्याचीच बेरीज अखंड चालू राहते.

याचे कारण असे : जावास्क्रिप्टमध्ये घोषित न करता चलाला किंमत दिली, तर तो ग्लोबल, म्हणजे साऱ्या पानाला सामाईक होतो. फंक्शनच्या आत 'लेट' शब्दाने घोषित केलेला चल मात्र बाहेर दिसत नाही.

म्हणून लायब्ररीच्या लेखकाने सारे चल फंक्शनच्या आत ठेवावेत आणि शक्यतो एकच नाव बाहेर द्यावे. तेही जपून! २००६ साली आलेल्या जेक्वेरी या लायब्ररीने डॉलरचे चिन्ह नाव म्हणून घेतले. तिच्या आधीच्या प्रोटोटाइप लायब्ररीतही तेच होते. दोन्ही एका पानावर आल्या की नंतरची आधीचीचे नाव बळकावी. म्हणून जेक्वेरीत 'नोकॉन्फ्लिक्ट' हे फंक्शन दिले. ते वापरताच चिन्ह आधीच्या मालकाकडे परत जाते.

२००९ पासून भाषेत 'स्ट्रिक्ट' पद्धत आहे. तीत अघोषित चलाला किंमत दिली तर संगणक चूक दाखवतो. २०१५ मध्ये मॉड्यूल आले. मॉड्यूलमधील नावे मुद्दाम बाहेर दिल्याखेरीज इतरांना दिसत नाहीत.

आता हे कागदावर करून पाहा : ३ ऐवजी ७ विषय असते, तर आज्ञावली अडकली नसती; पण किती मुलांची बेरीज झाली असती? आणि ही चूक आपल्या ध्यानात आली असती का?