गरम पाणी अडलं कुठे?

आधी एक कबुली. माझी शाळा सोलापूरची, कॉन्व्हेंट. मराठीच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नको! 'हार्ड वॉटर'ला पुस्तकी मराठीत 'दुष्फेन पाणी' म्हणतात हेही मला हा लेख लिहिताना कळलं. रूममेट म्हणाली, शिवीच वाटते गं. मागच्या डिसेंबरात आम्ही या पाण्याला शिव्याच घालत होतो म्हणा!

झालं असं की आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर सोलर आहे. दिवसभर रणरणतं ऊन, आणि सकाळी बादलीत पाणी कोमट. पहिल्या चार-पाच जणींना बरं मिळायचं, बाकीच्यांनी 'हर हर गंगे' म्हणायचं. सोलरवाले आले, पॅनलकडे बघून म्हणाले, जुने झालेत, आणखी चार बसवा. तो खर्च पुढच्या वर्षीच्या हॉस्टेल फीमध्ये येणार अशी कुजबुज सुरू झाली.

त्याच आठवड्यात मी घरी मैंदर्गीला गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ. आमच्या घरी अर्धं बोलणं कानडीत चालतं. अंगणात आजीचा तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. थर्ड इयरला ज्याच्यावर आम्ही पानंच्या पानं डेरिव्हेशन लिहितो तो हीट एक्स्चेंजर तो हाच! दरवर्षी दिवाळीच्या आधी बंब उलटा करून ठोकला की आतून पांढरे पापुद्रे पडतात. मी आजीला विचारलं, हे काय असतं? ती म्हणाली, "सुण्ण." कानडीत सुण्ण म्हणजे चुना. संपलं! केमिस्ट्रीचं अख्खं युनिट एका शब्दात.

चुना येतो कुठून? आपल्या काळ्या मातीत नांगराला लागतात ते पांढरे खडे, म्हणजे चुनखडी, सगळ्यांनी पाहिलेत. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग ते चुनखडी विरघळवत खाली जातं. बोअरचं पाणी काचेसारखं दिसतं, पण त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. पाणी तापलं की वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तीच शेतातली चुनखडी, परत घट्ट होते. शिवाय साखर गरम चहात जास्त विरघळते, हिचं उलटं : पाणी जितकं गरम तितकी कमी विरघळते. त्यामुळे ती बसते कुठे, तर सगळ्यात गरम पृष्ठभागावर. उष्णता ज्या दारातून यायची, नेमकी त्याच दारात पथारी!

कॉलेजला परतल्यावर फर्स्ट इयरचं ईडीटीए टायट्रेशन आठवून हॉस्टेलचं पाणी तपासलं. एकूण कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम. (भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं.) अर्धा तास उकळून, गाळून पुन्हा तपासलं तर १७०. म्हणजे उकळल्यावर खाली बसणारा भाग ३१०. रोज २,००० लिटर पाणी तापवायचं, तर ६२० ग्रॅम चुनखडी रोज एक्स्चेंजरमधून जाते. शंभरातला एकच भाग आत चिकटला तरी वर्षाला दोन किलोच्या वर. आणि हा थर दिसतो पातळ, पण उष्णता वाहून न्यायला तांबं त्याच्यापेक्षा साधारण २०० पट सरस. म्हणजे एक मिलिमीटर थर हा जवळजवळ वीतभर जाड तांब्याइतका अडथळा!

आमच्या सोलरमध्ये पॅनलचं पाणी वेगळं, बंद फेऱ्यात फिरणारं. ते प्लेट हीट एक्स्चेंजरमधून टाकीच्या पाण्याला उष्णता देतं. पंपाच्या मामांना घेऊन दुपारी दोन वाजता थर्मामीटर लावला. पॅनलकडून येणारं पाणी ७४ डिग्री, टाकीकडे जाणारं ४५. पॅनल बिचारे इमानदारीत तापत होते, उष्णता मधेच अडली होती. पॅनल जास्त तापला की तो ती हवेतच घालवतो. आणखी चार पॅनल लावून काय झालं असतं? प्लेटा आणखी तापल्या असत्या आणि चुना आणखी जोरात बसला असता.

इथे एक गैरसमज काढून टाकते. 'गीझरच्या कॉइलवर क्षार बसले की बिल दुप्पट होतं' असं सगळे म्हणतात. तसं नाही. दोन किलोवॅटची कॉइल दोनच किलोवॅट घेते आणि ती सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त थरातून ढकलायला कॉइलला स्वतः खूप तापावं लागतं, म्हणून ती जळते. नुकसान कॉइलचं. सोलरमध्ये मात्र उष्णताच वाया जाते.

साफ कसं केलं? किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. २० लिटर कोमट पाण्यात एक किलो. एक्स्चेंजरचे दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून, छोट्या पंपाने बादलीतून उलट्या दिशेने फिरवायचं. बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. खोली बंद ठेवू नका. हिशेबाने १०० ग्रॅम चुनखडीला साधारण १२८ ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं, म्हणून एका बादलीत भागत नाही. पीएच पेपर चारच्या वर गेला की ते पाणी टाकून नवीन घ्यायचं. बुडबुडे थांबले आणि पीएच चढेना की काम झालं. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून भरपूर धुवायचं. आम्हाला तीन बादल्या लागल्या. गॉगल आणि ग्लोव्हज मात्र हवेतच.

संडास धुवायचं अ‍ॅसिड स्वस्त पडतं म्हणून ते घालू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक भोकं पाडतं. आमच्या एका नातेवाइकांची टाकी अशीच ठिबकायला लागली. बॅटरीचं सल्फ्युरिक तर त्याहून वाईट, चुन्याचं जिप्सम होतं आणि ते सहज निघत नाही. आणि कुठल्याही अ‍ॅसिडजवळ ब्लीचिंग पावडर नको, क्लोरीन वायू सुटतो.

आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना हे रोजचंच. उसाचा रस आटवणाऱ्या बॉडीच्या नळ्यांत क्षार बसतात, तिथे कॉस्टिक सोडा उकळून मग ब्रश मारतात. त्यांचा थर वेगळा, सिलिका वगैरे असलेला, म्हणून औषधही वेगळं.

थर बसूच नये म्हणून मिठावर चालणारा सॉफ्टनर फक्त गरम पाण्याच्या लाइनला लावता येतो; सगळ्या हॉस्टेलला लावणं म्हणजे मिठाची नासाडी. गीझरचा थर्मोस्टॅट ६० च्या वर नेऊ नका, त्यापुढे चुना फार वेगाने बसतो. नळाला बांधायच्या मॅग्नेटबद्दल मला खूप जणींनी विचारलं. काही प्रयोगांत फरक दिसतो, काहींत अजिबात नाही. मी तरी हॉस्टेलचे पैसे त्यात घालणार नाही.

सफाईनंतर दुपारी दोनचं रीडिंग : पॅनलकडून ६३, टाकीकडे ५६. रेक्टर मॅडमनी चार पॅनलची फाइल बाजूला ठेवली. आता गच्चीच्या दाराला एक वही टांगली आहे, मामा दर रविवारी दोन्ही आकडे लिहितात. फरक पंधरावर गेला की आम्हाला हाक मारतात, आणि आम्ही लिंबूसत्त्व आणायला निघतो. दुकानदार विचारतो, "मेसमध्ये सरबत आहे का?"